माऊला आखूड, आईला लांब

"मास्तरीण, वाच की पुढे," इस्त्रीमामा म्हणाले.

मास्तरणीनं चष्मा नाकावर चढवला, फोन हातभर लांब धरला आणि वाचलं, "'आई, मी सुखरूप पोहोचलो. गाडी वेळेवर होती. डबा खाल्ला. तू औषध वेळेवर घे. काळजी करू नकोस.'"

मामांनी वाफेच्या इस्त्रीचं पायाखालचं पेडल दाबलं. फुस्सकन वाफ आली आणि त्या वाफेतूनच त्यांनी विचारलं, "खाली 'आपला आज्ञाधारक' नाही लिहिलं?"

"मामा."

"नाही, अर्ज छान आहे. मंजूर व्हायला काही हरकत नाही."

मास्तरणीला हसू आलं नाही. कारण काल संध्याकाळी तिनं धाकट्या बहिणीच्या फोनमध्ये डोकावून पाहिलं होतं. तोच मुलगा, तोच प्रवास, तोच दिवस. तिथे त्यानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, मधले सगळे स्वर गिळून. 'पचल.' म्हणजे पोहोचलो. 'झपल हत. तड उघड. लळ.' म्हणजे गाडीत झोपलो होतो, तोंड उघडं, लाळ गळत होती. खाली एलओएल. त्याखाली बहिणीचं एलओएल. दोघं मिळून त्या लाळेवर अकरा मेसेज हसत बसली होती.

स्वतःच्या पोराची लाळ, आणि तिची बातमी बहिणीच्या फोनमध्ये.

मास्तरीण कुठल्या शाळेत कधी शिकवायला गेली नव्हती. ती धुलाईच्या दुकानात मार्किंगला होती, सव्वीस वर्षं. अक्षर मोत्यासारखं म्हणून मामांनी पहिल्याच आठवड्यात मास्तरीण नाव ठेवलं, ते मालकांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. काम असं: गिऱ्हाइकानं कपडा काउंटरवर टाकला की तो उलटसुलट पाहायचा, बोटभर पांढऱ्या फितीवर न धुणाऱ्या शाईनं लिहायचं आणि आतल्या शिवणीला पिनेनं टोचायचं. फीत बोटभर, सांगायचं हातभर. म्हणून शब्द कापायचे आणि कापलेल्या जागी टिंब द्यायचं. 'ब. ना.' म्हणजे बटण नाही, आधीपासूनच नाही, उद्या आमच्या गळ्यात घालू नका. 'अ. फा.' म्हणजे अस्तर फाटकं. 'कि. दि.?' म्हणजे किती दिवस लागतील, हे मागच्या खोलीतल्या मामांना विचारायचं. मामांना सांगता आलं नाही तर तेही फितीवरच परत यायचं, 'सां. ना. ये.' आणि सगळ्यात जास्त वेळा लिहून लिहून जे तिच्या बोटांना पाठ झालं होतं ते 'डा. नि. वे. ला.' डाग निघेल, वेळ लागेल.

ही भाषा जगात अडीच माणसांना येत होती. एक ती, एक मामा, आणि अर्धा तिचा मुलगा. वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तिथून पुढची दहा वर्षं शाळा सुटल्यावर काउंटरमागच्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून त्यानं अभ्यास केला होता. मालकांना अजूनही 'अ. फा.' कळत नसे.

तर अशी ही बाई. आयुष्यभर शब्द कापून पोट भरलं, आणि पोटचा पोरगा तिला एक शब्द कापून पाठवत नव्हता.

बहीण सात वर्षांनी धाकटी. दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला. लग्न केलं नाही, करायचं मनात नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी बोललं की ती त्यांना दात तपासून घ्यायचा सल्ला द्यायची. मुलगा दहावी झाला तेव्हा त्याला पहिला फोन तिनंच घेऊन दिला. त्या दिवसापासून मावशीची माऊ झाली. माऊ, माऊ, माऊ. मास्तरणीनं एकदा बसून विचारही केला होता की 'आई'चं काय करता येईल. काही करता येत नव्हतं. तो शब्द आधीच इतका आखूड, त्यातून काय कापणार?

एका रविवारी ती भाजी निवडता निवडता बहिणीला म्हणाली, "ते बीआरबी म्हणजे काय गं?"

"आलेच परत."

"मग 'आलेच परत' लिहायला काय हात मोडतात?"

"ताई, तू फितीवर 'बटण नाही' असं पूर्ण लिहितेस का?"

"फीत बोटभर असते. तुझा फोन परातीएवढा आहे."

"हे जागेचं नसतं गं. कसं सांगू..." बहीण खरंच विचारात पडली. "समोरचा माणूस आपला असला की अर्ध्यावर सोडलं तरी चालतं. तो उचलतो पुढचं."

मास्तरणीनं हातातली पालेभाजीची काडी मोडली, पुन्हा मोडली आणि देठांबरोबर पानंही टाकून दिली.

त्या संध्याकाळी तिनं मुलाला मेसेज पाठवला. के. टीसी. जीएन. म्हणजे ठीक, काळजी घे, शुभ रात्री. तीन शब्दांना वीस मिनिटं लागली. दोन मिनिटांत फोन वाजला.

"आई? तुझा फोन कुणाच्या हातात आहे?"

"माझ्याच. का?"

"कुणाला बँकेचा नंबर वगैरे सांगितलास का? कुणी लिंक पाठवली होती का?"

"अरे, मीच लिहिलं ते."

"तू असं कुठे लिहितेस?"

"माऊला लिहितोस ना तू असंच."

पलीकडे तो हसला. प्रेमानंच हसला, पण हसला. "माऊचं वेगळं गं."

वेगळं. ते 'वेगळं' तिला आठवडाभर टोचत राहिलं, शिवणीत विसरलेल्या पिनेसारखं. तिला काही फार नको होतं. पोराची नोकरी लांब, तो वर्षातून दोनदा येणार, हे तिनं गिळलं होतं. तिला त्याच्याकडून एक आखूड मेसेज हवा होता. अर्ध्यावर सोडलेला, पुढचं तिनं उचलायचं. एकच.

मग तो कोटाचा दिवस आला.

दुपारी बहीण दुकानात घुसली ती धापा टाकतच. दवाखान्याचा पांढरा डगला अंगावर, हातात राखाडी कोट. "ताई, बाहीवर कॉफी सांडली. शनिवारी पाहिजे. जाते मी, तिकडे एक अक्कलदाढ उघडी पडलीय."

"थांब. खिसे."

"अगं मी काय गिऱ्हाईक आहे?"

"गिऱ्हाइकाच्या समोर खिसे बघायचे, हा नियम आहे."

"तुझे नियम तुझ्याजवळ. बघ तूच," म्हणत ती गेलीसुद्धा.

खिशांचा नियम मास्तरणीनंच घातला होता. खिशात जे निघेल ते मोजायचं, वाचायचं नाही, उलगडायचं नाही. खाकी पाकिटात घालायचं, वर लिहायचं, चिकटवायचं आणि कपड्याबरोबर परत द्यायचं. सव्वीस वर्षांत लोकांच्या खिशांतून काय काय निघालं होतं. घडी घातलेल्या चिठ्ठ्या, नको त्या हॉटेलांच्या पावत्या, एकदा एक राजीनामा. तिनं एकही कागद उलगडून पाहिला नव्हता. मालक म्हणायचे, मास्तरणीच्या हातात जगातली सगळी लफडी आली आणि तशीच परत गेली.

कोटाच्या बाहेरच्या खिशांत काही नव्हतं. आतल्या खिशात फोन होता.

तिनं तो पाकिटात घातला. वर लिहिलं, 'खि. १ फोन'. पाकिटाची कड ओली केली, दाबली, कोटाच्या हँगरला टोचली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे पडदे घेतले.

हँगर थरथरला.

"मास्तरीण," मामा आतून म्हणाले, "कोट बोलतोय."

"बोलू दे."

पुन्हा थरथरला. मग पुन्हा. एवढ्या वेळा एकाच दमात बहिणीला कोण लिहितं, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. मास्तरणीनं पडद्यांच्या फिती लिहिल्या, तीन लिहिल्या, तिन्ही चुकल्या. चौथ्यांदा हँगर थरथरला तेव्हा ती उठली, पाकीट काढलं आणि फाडलं.

मामा दारात येऊन उभे होते. त्यांनी नुसतं फाटलेल्या पाकिटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग गिऱ्हाईक येतंय का ते बघायला रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

फोनला कुलूप होतं. चार आकडे. मास्तरणीनं बहिणीची जन्मतारीख घातली, उघडलं नाही. आईची घातली, नाही. मग तिनं, मनातल्या मनात नको नको म्हणत, मुलाची जन्मतारीख घातली.

उघडलं.

"बघा मामा," ती म्हणाली. आवाज अगदी थंड होता. "कुलूपसुद्धा माझ्याच पोराचं लावलंय बाईनं."

चार मेसेज होते. माऊ. अहस क. तल वचरल. नह महणल. सगळी बटणं काढून घेतलेल्या कोटासारखे शब्द. एकेक बटण शिवत शिवत तिनं ते वाचले. माऊ. आहेस का. तिला विचारलं. नाही म्हणाली.

तिला म्हणजे कुणाला?

अंगठा आपोआप वर सरकत गेला. त्या मुलीला दोघांनी नुसतं 'र' करून ठेवलं होतं. र आज भेटली. र रागावलीय. र ला कुठलं पुस्तक देऊ. र च्या हाताला लागलं, मी दवाखान्यात. महिना मागे गेला, वर्ष मागे गेलं, र संपेना. दोन वर्षं. दोन वर्षं तिच्या मुलाच्या आयुष्यात एक मुलगी होती, आणि त्या दोन वर्षांत तिला काय मिळालं होतं? गाडी वेळेवर होती. डबा खाल्ला.

मग गेल्या महिन्यातला एक मेसेज सापडला. बहिणीनं विचारलं होतं, ताईला सांगू का. त्यानं उत्तर दिलं होतं, नको, ती रडेल, मग मी तिचीच समजूत घालत बसेन.

मास्तरणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते आलं म्हणून तिला आणखी राग आला, कारण तो म्हणाला ते खरं ठरत होतं.

"मामा, माझा पोरगा मळके कपडे तिच्याकडे टाकतो," ती म्हणाली. "मला इस्त्रीचे पाठवतो. घडी घालून."

मामा रस्त्याकडेच बघत राहिले. "आपल्या गल्लीतले किती जण आपल्याकडे टाकतात गं?"

"म्हणजे?"

"समोरचा शिंपी घे. पलीकडची नर्स. कोपऱ्यावरचे वकील. सव्वीस वर्षांत एक चादर आली त्यांच्याकडून? चार गल्ल्या पलीकडे जातात. ओळखीच्या माणसासमोर डाग उघडा करायला लाज वाटते माणसाला. त्यात आपलं काम वाईट आहे असं नसतं."

"मी त्याची आई आहे, गल्लीतली लाँड्री नाही."

"आई तर दारातलीच," मामा म्हणाले.

फोन तिच्या हातातच थरथरला. माऊ. बल न.

बोल ना.

तिकडे कुठल्याशा खोलीत तो फोन धरून बसला होता आणि वाट बघत होता. तिची नाही, माऊची. मास्तरणीच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं, पण आलं. वाट बघतोयस ना माऊची? बरं. आज माऊ मीच.

तिनं लिहिलं, 'अरे बाळा, जेवून घे आधी.' वाचलं, खोडलं. यात आई दहा कोसांवरून ओळखू येत होती. 'काळजी करू नकोस, देवाच्या मनात...' तेही खोडलं. आखूड. आखूड लिहायचं. बहीण काय लिहिते अशा वेळी? हम्म लिहिते. ओह लिहिते. पोराचं काळीज फाटलंय आणि हम्म काय? तिला ते बोटांनी उमटवता येईना. फोन पुन्हा थरथरला, नुसतं एक प्रश्नचिन्ह. त्या चिन्हाकडे बघताना तिला तो गठ्ठ्यावर बसलेला दिसला नाही, लहानपणचा दिसला नाही. आज सकाळी नाही ऐकून आलेला, दाढी न केलेला मोठा माणूस दिसला. आणि काउंटरवर कुणी डागाळलेला कपडा टाकावा तशी तिची बोटं आपली आपण चालली.

डा. नि. वे. ला.

टिंबांसकट. पाठवलंसुद्धा.

मग तिनं जे पाठवलं ते वाचलं आणि स्टूल ओढून बसली.

"काय झालं?" मामांनी विचारलं. तिनं फोन त्यांच्यासमोर धरला. मामांनी वाचलं. त्यांना अर्थ विचारावा लागला नाही. "माऊ म्हणून हे पाठवलंस?"

"हो."

"शाब्बास. चोरानं खिडकीतून शिरावं आणि भिंतीवर आपली सही करून जावी."

पडद्यावर 'लिहितोय' असं उमटलं. गेलं. पुन्हा उमटलं. पुन्हा गेलं. सव्वीस वर्षांत कुठल्याही डागाकडे तिनं इतका वेळ टक लावून पाहिलं नव्हतं. मग शब्द आला. एकच, आणि त्याचा एकही स्वर त्यानं गिळला नव्हता.

आई?

तेवढ्यात दार ढकलून बहीण आली. "ताई, माझा फोन कोटात..." आणि थांबली. काउंटरवर फाटकं पाकीट, ताईच्या हातात फोन, मामा उगाचच इस्त्रीच्या गार पाटावरून हात फिरवतायत.

"पाकीट फाडलंस?"

"हो."

"तू?"

"हो म्हटलं ना."

बहिणीनं फोन घेतला, वाचला, खालून वर, मग वरून खाली. चेहरा उतरला. "नाही म्हणाली ती. अरे देवा. आणि तू... हे काय लिहिलंयस मध्येच? डा. नि.?"

"आधी तू सांग. दोन वर्षं, छोटे. दोन वर्षं तू माझ्याच घरात बसून माझ्याच हातचं जेवलीस आणि पोटात र घेऊन फिरलीस."

"त्यानं शपथ घातली होती."

"मीही घातली असती शपथ, मला विचारलं असतंस तर. मला सांगायची."

"आणि तू काय केलं असतंस? रडली असतीस."

"रडले असते. मग? रडून धुतलं असतं तोंड. मला काय साबण मिळत नाही?"

आत मामा खोकले. बहिणीनं कोटाची बाही उगाच चाचपली. आता बोलली ते काउंटरकडे बघत. "तुला वाटतं मला फार मिळतं. सुट्टीत येतो तो कुणाकडे? तुझ्याकडे. झोपतो कुठे? तुझ्याकडे. मी विचारलं, दोन दिवस माझ्याकडे राहा, तर म्हणाला, आईला वाईट वाटेल. मला फोनमध्ये मिळतो तो. एवढासा." तिनं अंगठा आणि बोट यांत चिमूटभर जागा दाखवली. "तेवढाही तुला बघवला नाही."

नाही बघवला. मास्तरणीनं ते मनात कबूल केलं आणि तोंडावर येऊ दिलं नाही. म्हणाली एवढंच, "कॉफीत साखर होती का?"

"काय?"

"डागाचं विचारतेय. साखर असली तर वेळ लागतो."

"होती."

मास्तरणीनं फीत ओढली, लिहिलं, टोचली. बहीण उभी राहून स्वतःच्या फोनकडे बघत होती. तो आता गप्प होता. तिनं मुलाला लिहिलं, माऊ आलीय, बोल. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. नाही.

मग पिनांच्या खणात काहीतरी खुळखुळलं.

खणात पिनांबरोबर मास्तरणीचा फोन पडलेला असायचा. दिवसभरात तो एकदा वाजायचा, तोही संध्याकाळी, सुखरूप असल्याचं सांगायला. आता दुपारचे साडेतीन वाजले होते. तिनं खण उघडला. पिना बाजूला केल्या. चष्मा चढवला.

त्यात 'आई' नव्हतं. औषध नव्हतं, गाडी नव्हती, काळजी करू नकोस नव्हतं. दोन अक्षरं आणि दोन टिंबं, आणि पुढे चिन्ह.

कि. दि.?

बहीण काउंटरवरून वाकली. "त्याचा आहे? काय म्हणतोय?"

मास्तरणीनं पडद्यावर तळहात ठेवला.

"ताई, काय लिहिलंय?"

"काही नाही. दुकानातलं आहे."

"मला दाखव ना. मला का नाही लिहीत तो? मी दोनदा लिहिलं."

त्या आवाजात जे होतं ते मास्तरणीला नीट ओळखीचं होतं. गेली कित्येक वर्षं ते तिच्याच गळ्यात अडकलेलं होतं. कीव यायला हवी होती. थोडी आलीही. पण त्याआधी, अगदी एक क्षण आधी, जे वाटलं ते गोड होतं, आणि ते तिनं पुरेपूर चाखलं.

"तुला नाही कळायचं गं," ती म्हणाली. "माझं वेगळं."

मग ती स्टूल फिरवून पाठमोरी बसली. आठ दिवस लिहावं असं वाटलं. पंधरा लिहावं असं वाटलं. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून तिनं कधी खोटी तारीख लिहिली नव्हती. तिनं लिहिलं, 'सां. ना. ये.' थोडं थांबून त्याखाली लिहिलं, 'टा.' याची फीत दुकानात कधी निघाली नव्हती. टाक. इकडे टाक. समजला तर समजला.

"मास्तरीण," मामा आतून म्हणाले, "ते पडदे?"

"आले," ती म्हणाली, पण उठली नाही. पडद्यावर 'लिहितोय' असं उमटलं होतं आणि या वेळी ते जात नव्हतं.

मागे बहीण अजून उभी होती. तिच्या तोंडाकडे न बघता मास्तरणीनं फाटकं पाकीट काउंटरवरून तिच्याकडे सरकवलं आणि पेन पुढे केलं.

"फोन मिळाला म्हणून सही कर," ती म्हणाली. "नियम आहे."